कागदावर दिलेला पाय

आई घरी आली हे आम्हाला दारातून कळायचं नाही, कानांनी कळायचं. शिरूरच्या एसटी डेपोच्या मागच्या भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या होत्या. भिंतीपलीकडे दिवसभर गाड्या मागेपुढे व्हायच्या, क्लीनर पत्र्यावर हात आपटून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायचे, लाउडस्पीकरवरचा माणूस न्हावरा, पाबळ, अहमदनगर अशी गावं नाकातल्या नाकात म्हणून दाखवायचा. त्या सगळ्या गदारोळातून आईच्या रबरी चपलेचा आवाज मला बरोबर ऐकू यायचा. एक पाऊल फट् वाजायचं आणि दुसरं घासत यायचं. पाणवठ्याच्या नळापाशी तो आवाज आला की मी स्टोव्ह पेटवायची, आणि ती उंबऱ्यात पोचेपर्यंत चहाला आधण आलेलं असायचं. आज माझ्या घरात गॅस आहे, मायक्रोवेव्ह आहे, दाराला बेल आहे. पण संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी अजूनही कान देऊन बसते. माझी सून म्हणते, सासूबाई, कुणाची वाट बघताय? मी म्हणते, दूधवाल्याची. दूधवाला सकाळी येतो हे तिलाही माहीत आहे.

आई मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर धान्य चाळायला जायची. छताला दोरीनं टांगलेली मोठी चाळणी असते, ती दोन हातांनी झुलवायची आणि उभं राहायचं. सकाळी आठला जे उभं राहायचं ते जेवणाचा अर्धा तास सोडून सहापर्यंत. बसून करता येण्यासारखं ते कामच नव्हतं. येताना ती पदराच्या गाठीत मुगाची नाहीतर तुरीची चुरी आणायची, चाळणीखाली पडलेली, मालकानं नेऊ दिलेली. त्या चुरीचं पातळ वरण, वर लसणाची फोडणी, बाजरीची भाकरी आणि तव्यावर भाजलेला बोंबील, असं आमचं रात्रीचं जेवण. मी पुढं पुण्यात, मुंबईत, लोकांच्या लग्नांत काय काय खाल्लं, पण त्या चुरीच्या वरणाला जी दाणेदार चव होती ती मला परत कधी मिळाली नाही. मी अख्खी डाळ मिक्सरला फिरवून चुरी करून पाहिली आहे. हसू नका, खरंच केली आहे. तशी लागत नाही.

चहा झाला की आई चटईवर पालथी पडायची आणि म्हणायची, “सुमे, दे गं पाय.” म्हणजे मी तिच्या पायांवर उभं राहायचं. आधी पोटऱ्या, मग घोटे आणि शेवटी तळवे. तिचे तळवे वर वळलेले असायचे आणि मी माझे तळवे त्यांच्यावर ठेवून भिंतीला धरून उभी राहायची. तव्यावर भाकरीवर भाकरी पडावी तसे ते पाय एकमेकांवर बसायचे, कारण आमच्या दोघींच्याही पायाला मधे खाच नव्हती. ओल्या पायानं फरशीवर चाललं की बाकीच्यांचा पाय उमटतो तो मधून कोरलेला असतो. आमचा अख्खाच्या अख्खा उमटायचा. फक्त तिची टाच माझ्या टाचेच्या मागं अर्धं बोट उरायची. मी तिथं वाकून बघायची आणि म्हणायची, “आई, अजून अर्धं बोट राह्यलं.” ती खालून म्हणायची, “भरंल की.” मग मी उतरायची, तिच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावायची, कारण मोठ्या माणसाला पाय लागला की नमस्कार करायचा असतो, मग तो त्यांनीच द्यायला सांगितलेला का असेना. मी वाकले की ती म्हणायची, “पुरं.” त्या एका शब्दानं आमची संध्याकाळ संपायची.

पाय दुखायला लागले ते नववी-दहावीत. प्रार्थनेला उभं राहिलं की घोट्याच्या आतल्या बाजूनं कळ निघायची, मग मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहायची आणि ड्रिलचे सर म्हणायचे, ही पोरगी सारखी नाचते काय? बारावी झाल्यावर माझा नर्सिंगला नंबर लागला, पुण्याला. आमच्या वस्तीतून नर्सिंगला गेलेली मी दुसरी. पहिली जी गेली होती ती दोन महिन्यांत परत आली. पहिले तीन महिने तिथं मुलींना पारखून घ्यायचे. वॉर्डात आठ-आठ तास जी उभी राहू शकेल ती राहील, नाही ती घरी. ती मुलगी घरी आली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. मी त्या लग्नात जेवले आणि जेवताना मला सारखं वाटत होतं की पुढच्या वर्षीच्या पंगतीत आपण नवरी म्हणून बसणार. ही भीती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. आप्पांना मात्र ती न सांगता कळली.

आप्पा, म्हणजे माझे वडील, डेपोत मेकॅनिक. कुठलीही अडचण आली की तिचं सुटं सामान कुठं मिळेल हे ते आधी बघायचे. दौंडच्या एका ड्रायव्हरकडून त्यांना कळलं की तिथं स्टेशनच्या मागं पीटरमामा म्हणून एक माणूस आहे, पूर्वी मिलिटरीच्या कुठल्याशा वर्कशॉपमध्ये कृत्रिम पाय बनवायचा, आता रिटायर होऊन घरातच बुटात घालायचे सोल करून देतो, ज्याच्या त्याच्या पायाच्या मापानं. “गाडीचं अलाइनमेंट बिघडलं तर आपण टायरला शिव्या देतो का?” आप्पा म्हणाले. “अलाइनमेंट करू, चल.” स्टाफचा पास होता. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दौंड, असे आम्ही बापलेक गेलो.

पीटरमामाची खोली मला अजून दिसते. फळीवर ओळीनं प्लास्टरचे पांढरे पाय ठेवलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. कुणाचा अंगठा वाकडा, कुणाची टाच फुगलेली. रबर चिकटवायच्या सोल्यूशनचा वास, कॉर्कचा भुगा आणि शंटिंगच्या इंजिनाचा आवाज इतका जवळून, की आता गाडी खोलीतच शिरते की काय असं वाटावं. मामा उंच, काळेसावळे, पांढऱ्या मिशांचे, गळ्यात बारीक क्रॉस. त्यांनी मला ओल्या पायानं शहाबादीवर चालायला लावलं, मग स्टुलावर बसवून माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. एवढ्या वडीलधाऱ्या माणसानं माझा पाय मांडीवर घेतला म्हणून मी ओढायला लागले, तर म्हणाले, “बेटा, मी तीस वर्षं पाय नसलेल्या लोकांत काम केलं. तुला पाय आहे, शरमतेस कशाला?”

त्यांची एक रीत होती. आपल्या खोलीत ते माप घेत नसत. “गाडीत बसून आलेला पाय खोटं बोलतो,” ते म्हणाले. “आराम झालेला असतो ना त्याला. दिवसभर काम करून थकला, बसला, की तो खरा पाय. तो मला पाहिजे.” म्हणून त्यांनी जाड ड्रॉइंगचे दोन मोठे कागद दिले, त्यांवर कोपऱ्यात ठळक अक्षरात माझं नाव लिहिलं, सुमन, मुक्काम शिरूर, एकावर उजवा आणि एकावर डावा. संध्याकाळी, पूर्ण दिवस उभं राहिल्यावर, तेलात काजळी कालवून तळव्याला लावायची, सगळा भार टाकून कागदावर एकदाच उभं राहायचं आणि कागद वाळवून दौंडच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर पाठवायचे. सोल व्हायला तीन आठवडे, कारण करणारा माणूस एक आणि पाय पुष्कळ.

आता इथं जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं.

आई अंगठाबहाद्दर होती. पण कागद या वस्तूला ती जितकं मानायची तितकं मी एम.ए. झालेल्या माणसांनाही मानताना पाहिलं नाही. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती सोडवून, हातानं सरळ करून गादीखाली ठेवायची. आमच्या गादीखाली इतके कागद होते की झोपताना कूस बदलली तरी कुरकुर वाजायचं. रस्त्यात छापील चिटोरं दिसलं तर उचलून भिंतीच्या फटीत खोचायची. आप्पा चिडवायचे, “अगं, विहारात एवढी भाषणं ऐकतीस, अंधश्रद्धा सोडा म्हणत्यात, ऐकू येत न्हाई व्हय?” ती म्हणायची, “शर्दा न्हाई अन् अंदशर्दा न्हाई. ज्या कागदानं आपल्याला मानसात आणलं, त्येच्यावर पाय पडाया नगं, येवढंच.” यावर आप्पा रेडिओ लावायचे.

त्या संध्याकाळी आप्पा दुसऱ्या पाळीला होते. मी शहाण्यासारखी दिवसभर उभी राहिले होते, उभ्यानंच जेवले होते. आई यार्डातून आली, चहा प्याली, तिनं काजळीत तेल कालवलं आणि कागद चटईवर पसरले. आणि थांबली.

“ह्ये काय लिव्हलंय?”

“माझं नाव.”

“तुजं नाव?” ती कागदाकडे बघत राहिली. “आन् त्याच्यावर तू पाय द्यायचा?”

मी म्हटलं, माप आहे ते आई, सगळेच देतात. पण तिला ते पटेना. शिकायला निघालेली पोरगी, निघायच्या आधी स्वतःच्या नावावर पाय देऊन निघणार, तोही कागदावर. ती उठली, दोनदा खोलीत फिरली. मग तिनं मला चटईवर बसवलं, स्वतः माझ्याशेजारी बसली आणि तिचा पाय माझ्या पायाला लावून बघितला. अख्खाला अख्खा, खाच नाही. “सारखंच हाईत,” ती म्हणाली. “मी देते पाय. मला काय परीक्षा न्हाई का पास व्हायचं न्हाई. माजं काय वाईट व्हायचंय?”

“आई, तुझा अर्धं बोट मोठा आहे.”

“मग बरंच हाय की. वाढत्या अंगाचं शिवावं.”

आमच्या घरात फ्रॉक, चप्पल, स्वेटर सगळं वाढत्या अंगाचंच यायचं. त्यामुळं हे मला, बारावी सायन्स पास झालेल्या मुलीला, बरोबरच वाटलं. मला आज स्वतःचाच राग येतो. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला हलकंही वाटलं होतं, कारण त्या नावावर पाय द्यायला मीसुद्धा मनातून कचरत होते. आईनं तळव्यांना काजळी लावली, दोन्ही हात जोडले आणि कागदाला म्हणाली, “माफ कर बाबा.” मग भिंतीला न धरता, सगळा भार टाकून ती माझ्या नावावर उभी राहिली. दिवसभर चाळणीपाशी उभे राहिलेले पाय ते. काळेभोर, भरगच्च उमटले. “आप्पांना सांगू नगं,” ती म्हणाली, “उगं हसत बसत्याल.” कागदाची गुंडाळी आप्पांनी न उघडता कंडक्टरकडे दिली.

सोल आले तेव्हा माझ्या निघण्याला आठ दिवस राहिले होते. वर पिवळसर मऊ चामडं, खाली कॉर्क, टाचेला रबर. माझ्यासाठी घेतलेल्या काळ्या बुटांत, तेही वाढत्या अंगाचेच, ते बरोबर बसले. मी पाय घातला, उभी राहिले आणि दोन पावलांत खाली बसले. जिथं उंचवटा लागायला नको तिथं लागत होता, टाच एका बाजूला ढकलली जात होती. नुसत्या पायानं दुखायचं त्याच्या दुप्पट दुखलं. मी रडायला लागले, तीन महिन्यांचं, लग्नाचं, सगळं एकदम आठवून. आई माझ्यासमोर बसली होती. तिनं बूट हातात घेतले, आत बोटं फिरवून पाहिली, आणि मला वाटतं, नुसतं काय टोचतंय ते बघायला म्हणून, तिनं त्यात आपले पाय घातले.

ती उभी राहिली. उंबऱ्याबाहेर गेली, नळापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. मी रडायचं थांबले, कारण बाहेरून येणारा पावलांचा आवाज मला ओळखता येईना. एक सारखं, दुसरंही सारखं. कुणी परकी बाई चालत असावी असं वाटलं. ती दारात आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तोवर पाहिलेलं नव्हतं. आई देखणी होती हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. दुखणं चेहऱ्यावर असतं आणि आपण त्यालाच चेहरा समजत असतो.

“सुमे,” ती म्हणाली, “जमीन मऊ झाल्यावानी वाटतीया.”

दुसऱ्या दिवशी ती ते बूट घालून यार्डात गेली. “येक दिस घालून बगते,” एवढंच म्हणाली. नऊवारी आणि खाली लेसचे काळे बूट. गाळ्यावरच्या बायांनी म्हणे विचारलं, काय गं, पोलिसात भरती झालीस का? ती सांगताना स्वतःच हसत होती. संध्याकाळी तिनं चुरीचं वरण केलं, आणि भाकरी थापताना ती काहीतरी गुणगुणत होती. चहानंतर ती चटईवर पडली नाही. मी वाट बघितली, पण त्या दिवशी तिनं मला पाय द्यायला बोलावलंच नाही. आणि मी, काय सांगू, मी कोपऱ्यात बसून माझ्या नव्या बुटांवर बसलेली तुरीची धूळ बघत होते आणि मला राग येत होता. मी अठरा वर्षांची होते. अठराव्या वर्षी माणूस फार दुष्ट असतो, आणि त्याला ते कळतही नाही.

झोपायच्या आधी तिनं सोल काढले, ओल्या फडक्यानं पुसले, बुटांची धूळ झटकली आणि सगळं एका पिशवीत घातलं. “उद्या दौंडला जाऊ,” ती म्हणाली. “चूक माजी हाय, मी सांगते त्यास्नी.” आप्पांना रजा नव्हती. आईनं गाळ्यावर खाडा केला.

पीटरमामांना काही सांगावंच लागलं नाही. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, शेजारी सोल धरला आणि मान हलवली. “हा पाय तुझा नाही. हा पुष्कळ वर्षं उभा राहिलेला पाय आहे.” मग त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या आईच्या पायांवर गेली. आई पदर सावरून आत आली आणि तिनं सगळं सांगितलं, कागदावरचं नाव, पाय द्यायचं मन होईना ते, वाढतं अंग. मामा हसले नाहीत. तिलाही त्यांनी चालायला लावलं, सोल घालून आणि सोल काढून. “ताई, किती वर्षं दुखतं?” त्यांनी विचारलं. आई म्हणाली, “दुकतं म्हंजी, काम केलं की दुकायचंच.”

मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्याजवळ दोनच वाटा होत्या. एक म्हणजे, हे सोल आईचे आईला द्यायचे आणि माझं नवं माप घेऊन माझे करायचे, त्याला तीन आठवडे. म्हणजे ट्रेनिंगचे पहिले दोन आठवडे मी नुसत्या पायांनी काढायचे. दुसरी म्हणजे, हेच सोल आत्ता घासून, कापून, उंचवटा कमी करून माझ्या पायाला बसवायचे. कॉर्क घासता येतो, परत वाढवता येत नाही. “एकदा घासले की ताईंना चालणार नाहीत,” ते म्हणाले. “बोल बेटा. काय करू?”

आई लगेच म्हणाली, “घासा की. त्यात इचारायचं काय?”

मामांनी तिच्याकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी पुरेसा वेळ दिला मला, त्यांना मी नावं ठेवू शकत नाही. बाहेर एक मालगाडी जात होती आणि डबे संपेनात. दोन आठवडे. मी पुढं नोकरीत तुटलेल्या हाडाची माणसं शांतपणे हसताना पाहिली, मला दोन आठवडे नक्की काढता आले असते. पण मला ती परत आलेली मुलगी दिसत होती, हळद लावलेली. मला भीती वाटत होती, आणि भीतीपुढं मला आईचा कालचा चेहरा दिसेनासा झाला.

“घासा,” मी म्हटलं.

ग्राइंडर सुरू झाला. आई पुढं होऊन बघत उभी राहिली, तोंडभर हसत, लग्नाचे दागिने घडताना बघावं तशी. कॉर्कचा भुगा उडून तिच्या पदरावर बसत होता. मामा मधूनमधून थांबून माझ्या पायाला लावून बघायचे आणि पुन्हा घासायचे. शेवटी मी उभी राहिले तेव्हा कळ नव्हती. खरंच नव्हती. “ताई, तुमचे नंतर करू,” मामा म्हणाले. “माप आहे माझ्याकडे. कधीही या.” आई म्हणाली, “व्हय, पोरगी नोकरीला लागली की येऊ.” येताना गाडीत ती खिडकीशी बसली होती आणि मी तिच्या पदरावरचा भुगा झटकत होते. ती म्हणाली, “राहू दे.”

मी तीन महिने पास झाले. तीन वर्षं पास झाले. नोकरीला लागले, पुढं सिस्टर झाले, लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि आईचे सोल राहिले. लोक म्हणतात, परिस्थिती नव्हती, वेळ नव्हता. दौंड काही लंकेत नव्हतं. मी विसरले. आईला पातळ आणलं, घड्याळ आणलं, एकदा बनारसी शालू आणला, जो ती कधी नेसली नाही. सोल आणले नाहीत. तिनं आठवण केली नाही आणि तिनं आठवण केली नाही म्हणून मी विसरू शकले. सुट्टीत घरी गेले की नळापासून तोच आवाज यायचा, एक फट् आणि एक घासत, आणि मला तो आवडायचा, घरी आल्यासारखं वाटायचं. तिच्या दुखण्याच्या आवाजाला मी आयुष्यभर घर म्हणत आले. ती गेली तेव्हा रात्रपाळी संपवून मी पोचले, आणि मी तिच्या पायाशी बसले होते एवढं आठवतं.

हे सगळं लिहायला बसायचं कारण गेल्या महिन्यात घडलं. रिटायर झाल्यापासून मला पहाटे टाचा खाली टेकवत नाहीत. मुलगा म्हणाला पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात जाऊ, पण मी हट्टानं दौंडला गेले. आता गाडी आहे, दीड तासात जाता येतं. पीटरमामा केव्हाच गेले. त्याच जागेवर त्यांची मुलगी स्टेला दवाखाना चालवते, दोनच खोल्या, पण काचेचा दरवाजा आणि एसी. काचेच्या पाटीवर उभं राहिलं की खालून स्कॅनर पाय बघतो आणि पडद्यावर लाल, पिवळा, निळा पाय दिसतो. खाच नसलेला. मी तिला सांगितलं, संध्याकाळी या म्हणायचे तुझे वडील. ती हसली, म्हणाली, “म्हणून तर मी सकाळच्या अपॉइंटमेंट देतच नाही.” मग तिनं नाव विचारलं, गाव विचारलं, नोकरी विचारली, आणि म्हणाली, “थांबा हं, पप्पांनी एकही माप टाकलेलं नाही. बघू या तुमचा जुना पाय.”

आतून तिनं एक रुंद फाइल आणली आणि त्यातून दोन कागद काढून फरशीवर ठेवले. ड्रॉइंगचा कागद, पिवळा पडलेला. कोपऱ्यात मामांच्या अक्षरात, सुमन, मुक्काम शिरूर. आणि मधे काजळीचे दोन पाय. टाचांच्या भेगासुद्धा उमटलेल्या.

आईचा एकच फोटो आमच्याकडे आहे, रेशनकार्डासाठी काढलेला, त्यात ती घाबरलेली आहे. इथं ती घाबरलेली नव्हती. सगळा भार टाकून उभी होती.

“उभ्या राहा ना त्याच्यावर,” स्टेला म्हणाली. “किती बदललाय बघू.”

मी तिला काही सांगितलं नाही. मी चपला काढल्या, भिंतीला हात धरला आणि पाय दिला. तळव्याखाली थंड कागद लागला. स्टेला गुडघ्यावर बसून पेन्सिल घेऊन टाचेमागं बघत होती, किती उरतंय ते. मग तिनं वर बघितलं आणि खुशीत म्हणाली, “कमाल आहे. तंतोतंत तेवढाच. काहीच उरलं नाही मागं. पप्पांचं माप अजून चालतंय, सिस्टर.”

“ह्याच्यावरूनच कर,” मी म्हटलं. माझा आवाज बरा निघाला.

मग मी कागदावरून उतरले. गुडघे वाकत नाहीत आता, तरी वाकले, त्या पायांना हात लावला आणि तो कपाळाला लावला. स्टेला म्हणाली, “सिस्टर, काही पडलं का?” मी तशीच वाकून राहिले, जरा जास्तच वेळ. पुरं म्हणायला कुणी नव्हतं.